टाइप वन आणि यवतेश्वर घाट : चढताना शुगर वर, उतरताना धाडकन खाली

सदरबझार_एक्सप्रेस :

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, आज धागा काढतेय, कारण आमच्या पळायच्या ग्रुपमधे हे कुणाला विचारून उपयोग नाही आणि डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय.

मी साताऱ्याची, टाइप वन डायबेटिसवाली. नववीत असताना निघालं. गोळ्यांवर चालतो तो डायबेटिस नाही हा, इन्सुलिन घेतल्याशिवाय चालतच नाही तो (दर वेळी सांगावं लागतं म्हणून आधीच सांगून टाकते). रात्री दहाला लँटस (दिवसभर पुरणारं इन्सुलिन), खायच्या आधी नोव्होरॅपिड (झटपट चालणारं), दंडावर लिब्रेचा सेन्सर (शुगरचा आकडा आणि ती कुठे चाललीय त्याचा बाण दाखवतो). सपाटीवरचं पळणं आता अंगवळणी पडलंय, पोवई नाक्यावरून वाढे फाट्याकडे जायचं आणि परत यायचं. पण यंदा ग्रुपमधल्या सगळ्यांनी हिल हाफ मॅरेथॉनचं मनावर घेतलंय, म्हणजे २१ किलोमीटर आणि त्यात अख्खा यवतेश्वर घाट, त्यामुळे दर रविवारी समर्थ मंदिर, बोगदा, मग घाट चढून कास रोडला लागायचं आणि तिथून परत असा सराव चाललाय.

आता होतं काय बघा. सकाळी साडेपाचला एक पोळी आणि चहा, त्याला ३ युनिट. सहाला निघताना शुगर १५० च्या आसपास, बाण आडवा. बोगद्यापर्यंत सगळं झ्याक. घाट सुरू झाला की दम लागतो आणि शुगर वर, माथ्यावर पोचेस्तोवर २१० - २२०. खाल्लेलं काहीच नाही तरी! आणि मग उतरायला लागले की अर्ध्या घाटात ९० आणि बाण सरळ खाली, पाय कापूस. बरं तिथे टपरी पण उघडलेली नसते. आणि त्याच दिवशी मध्यरात्री तीनच्या सुमाराला सेन्सर कोकलतो, ६२.

घरी सासूबाईंचं म्हणणं, कशाला तो उपद्व्याप, चालायला जा की चार भिंतीच्या टेकडीवर. नवरा काही बोलत नाही पण मागून गाडी घेऊन येतो, त्याचंच टेन्शन जास्त.

तर १) चढावर वर का जाते, २) उतरताना पडते ती कशी थांबवायची, ३) रात्रीचं काय. कुणी टाइप वन पळणारे असाल तर सांगा प्लीज.

पेढेवाला :

विषयातलं काही कळत नाही पण आयडी आवडला. कंदी पेढा ठेवा की खिशात, सातारकराला अजून काय लागतंय.

कृष्णाकाठ :

सांगलीचा आहे, टाइप वन, आमराई ते हरिपूर रोड असं पळतो. आमच्याकडे चढ म्हणजे आयर्विन पूल, त्यामुळे घाटाचं तुमच्याएवढं माहीत नाही, पण कोल्हापूरकडच्या डोंगरात पळालोय.

ताई, तुमचा सगळा घोळ त्या साडेपाचच्या ३ युनिटमधे आहे. नीट सांगतो, जरा मोठं होईल.

ज्याला डायबेटिस नाही तो पळायला लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडायचं आपोआप कमी करतं, लिव्हर साखर सोडायला लागतं, आणि पायाचे स्नायू जेवढी ओढतात तेवढी मागून येत राहते. आपलं इन्सुलिन सुईनं कातडीखाली गेलेलं असतं, ते काय परत बोलावता येत नाही. एकदा टोचलं की ते त्याच्या वेळापत्रकानं चालणार, एसटीसारखं, तुम्ही हात दाखवा नाहीतर नका दाखवू. नोव्होरॅपिडचा जोर साधारण एक ते दोन तासात असतो आणि शेपूट चार तासापर्यंत. म्हणजे साडेपाचला घेतलेलं साडेसहा ते साडेसात भरात. तुम्ही माथ्यावर कधी पोचता? मग उतरताना काय होणार?

त्यात भर म्हणजे स्नायू हलत असले की ते इन्सुलिनशिवाय पण साखर आत ओढतात, आणि अंगातलं इन्सुलिन पण नेहमीपेक्षा जास्त लागू पडतं. म्हणजे दोन्हीकडून खेच. आणि सुई मांडीत घेत असाल तर अजूनच, पळणाऱ्या पायातलं इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं. पळायच्या दिवशी पोटातच घ्या.

चढावर वर जाते ते अ‍ॅड्रेनलिनमुळे. धापा टाकायला लावणारा चढ, स्प्रिंट, शर्यतीची भीती, सगळ्यात लिव्हर भसाभस साखर सोडतं. सपाटीवर निवांत पळताना हे होत नाही म्हणून तुम्हाला वाढे फाट्याला कधी दिसलं नाही. महत्त्वाचं म्हणजे माथ्यावर २२० दिसली म्हणून तिथे इन्सुलिन अजिबात घेऊ नका!! ती वाढ पाहुणी आहे, दम खाली बसला की निघून जाते.

मी काय करतो : एकतर इन्सुलिन अंगात नसताना पळतो, म्हणजे सकाळी उठून काही न खाता न टोचता, फक्त रात्रीच्या बेसलवर (म्हणजे लँटससारखं लांब पल्ल्याचं इन्सुलिन). उपाशी पळताना बऱ्याच जणांची फार पडत नाही, माझी तर कधीकधी थोडी वरच जाते. नाहीतर खाऊन पळायचं असेल तर त्या खाण्याचं इन्सुलिन कमी करतो. किती कमी ते माझं मला बसलंय, तुमचं तुम्हाला डॉक्टरांबरोबर बसवावं लागेल, आकडा मी सांगणार नाही.

घाटाची_धूळ :

वाचतेय. माझा भाचा टाइप वन आहे, त्याला लिंक पाठवते.

स्टेथो_खुंटीला :

निवृत्त फिजिशियन. वर कृष्णाकाठ यांनी बरंच बरोबर लिहिलंय, थोडी आकड्यांची भर घालतो. हे सगळे आकडे २०१७ साली लॅन्सेटच्या डायबेटिसच्या जर्नलमधे अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून मांडलेत त्यातले आहेत, माझ्या मनचे नाहीत.

पळायला सुरुवात करताना शुगर साधारण १२६ ते १८० मधे असावी. ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि वर येईपर्यंत थांबा. ९० ते १२४ असेल तर १० ग्रॅम घेऊन निघा. २७० च्या वर असेल आणि का वर आहे ते कळत नसेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासा. रक्तातले कीटोन १.५ किंवा जास्त आले तर त्या दिवशी पळणं बंद, आधी त्याचा बंदोबस्त. इन्सुलिन कमी पडून शुगर वर गेली असेल तर पळून ती उतरत नाही, उलट चढते, आणि कीटोन वाढतात. "शुगर जास्त आहे, पळून येतो, उतरेल" हे टाइप टूचं गणित टाइप वनला लावू नका.

आदल्या २४ तासात दुसऱ्यानं मदत करावी लागली असा मोठा हायपो (शुगर फार खाली जाणं) झाला असेल तर पळायचं नाही. यात तडजोड नाही.

खाल्ल्यावर दीडेक तासात पळणार असाल तर त्या खाण्याचं इन्सुलिन २५ ते ७५ टक्के कमी करतात, पळणं किती वेळ आणि किती जोरात त्यावर. रेंज मोठी आहे ती उगाच नाही, माणसामाणसात तेवढा फरक पडतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून सुरुवातीचा आकडा ठरवा आणि मग वहीत लिहीत जा.

आणि एक, घाटाचं ट्रेनिंग वाढवायच्या आधी डोळ्यांचा पडदा तपासलाय ना? नववीपासून आहे म्हणालात म्हणून विचारतो. तळपाय पण रोज बघत जा, ओल्या बुटात फोड आलेला कळत नाही.

सदरबझार_एक्सप्रेस :

बापरे, एवढं सगळं! थँक्यू दोघांनाही. डोळे दिवाळीत तपासले, ठीक आहेत. मांडीतच घेत होते हो मी सकाळी, कारण पोटावर लेगिंगचं इलॅस्टिक येतं 😐 असं काही असतं हे कुणी बोललंच नव्हतं.

उपाशी पळायचं म्हणजे दोन-अडीच तास घाट उपाशी कसा करायचा पण?

कृष्णाकाठ :

सुरुवात उपाशी, शेवट नाही. पाऊण तासानंतर थोडं थोडं घेत जायचं. तासाभराच्या वर पळणं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब हा हिशेब असतो, तो डायबेटिस नसलेल्यालाही जवळपास तोच आहे. आपण खालच्या टोकाला सुरू करायचं आणि सेन्सर बघत जायचं. मी दर वीस मिनिटाला १० ग्रॅम घेतो. पडायची वाट बघत बसायचं नाही, बाण तिरका झाला की घ्यायचं. ७० झाल्यावर घेतलं तर उशीर झालेला असतो कारण पाय थांबत नाहीत.

१० ग्रॅम म्हणजे : एक लहान वेलची केळं किंवा बी काढलेले दोन छोटे खजूर किंवा दोन चमचे ग्लुकॉन-डी. मोठं केळं २५ च्या आसपास जातं, अर्धं खा.

कराडची_आई :

माझा मुलगा सोळा वर्षांचा, टाइप वन, फुटबॉल खेळतो. पेढेवालादादा, गंमतीत म्हणालात ते कळलं पण खरंच सांगते, शुगर लो झाल्यावर पेढा देऊ नये. खव्यातल्या तुपामुळे साखर पोटातून पुढे सरकायला उशीर लागतो. चॉकलेट, चिक्की, शेंगदाण्याचा लाडू सगळ्याची तीच गत. लो झाल्यावर निव्वळ ग्लुकोज किंवा साखर. १५ ग्रॅम द्यायची, १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत १५. ग्लुकॉन-डीचे तीन चमचे पाण्यात, किंवा साध्या साखरेचे तीन-चार चमचे. गूळ चालतो, पण साखर काय गूळ काय त्यात निम्मं फ्रुक्टोज असतं ते लगेच रक्तात दिसत नाही, म्हणून ग्लुकोज बरं.

आणि इलेक्ट्रालच्या पाण्यावर विसंबू नका. आमच्या मुलाच्या कोचनं एकदा बाटलीभर पाजलं आणि शुगर हलेना. एक लिटरच्या ओआरएसच्या पाकिटात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात तीन ग्रॅमसुद्धा नाही. ते मिठा-पाण्यासाठी चांगलं, हायपोसाठी नाही. तसलंच नाव असलेली गोड ड्रिंकं मिळतात खोक्यातली, ती वेगळी, त्यावर किती साखर लिहिलीय ते वाचून घ्या.

पेढेवाला :

ताई, शब्द मागे. पेढा फिनिश लाइनच्या पलीकडे.

निसर्गोपचारी :

एवढ्या सुया कशाला टोचून घेता समजत नाही. रोज सकाळी कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि ती इन्सुलिनची पानं येतात ना झाडाची, ती दोन चावून खायची. आमच्या शेजाऱ्यांच्या गोळ्या बंद झाल्या. पळता तर आहातच, म्हणजे शरीर चांगलं आहे, हळूहळू इन्सुलिन सोडून बघा. कंपन्यांचा धंदा आहे सगळा.

किल्लेदार :

निसर्गोपचारी, तुमच्या शेजाऱ्यांना टाइप टू असेल. मी १९८३ पासून टाइप वन आहे आणि रोज अजिंक्यतारा चढतो, म्हणून बोलतो.

टाइप वनमधे शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. कारल्यानं त्या परत उगवत नाहीत. इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसात कीटोन चढून उलट्या, धाप, आणि वेळेत दवाखान्यात नेलं नाही तर माणूस जातो. १९२१ मधे टोरंटोला बँटिंग आणि बेस्टनी इन्सुलिन काढलं आणि जानेवारी १९२२ मधे लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा दिलं. त्याच्या आधीची असली पोरं उपाशी ठेवून ठेवून जगवायचे, आणि तरी जायची. तेव्हाही कारली होतीच की भारतात.

कुणी तरुण आईबाप वाचत असतील म्हणून एवढं कडक लिहिलं. इन्सुलिन सोडून बघायची वस्तू नाही.

(अवांतर : आमच्या वेळी सेन्सर कुठला, लघवी बेनेडिक्ट द्रावणात उकळायची आणि रंग बघायचा, निळा म्हणजे साखर नाही, हिरवा, पिवळा, केशरी, आणि विटकरी आला की आई रडायला लागायची. तो रंग पण काही तासांपूर्वीच्या शुगरचा. काचेची सिरिंज पातेल्यात उकळून तीच वापरायची. त्या जमान्यात मास्तरांनी मला पीटीच्या तासाला झाडाखाली बसवून ठेवलं कायम.)

स्टेथो_खुंटीला :

किल्लेदारांना पूर्ण अनुमोदन. निसर्गोपचारी यांचा प्रतिसाद संपादकांनी ठेवावा की काढावा ते त्यांनी ठरवावं, माझ्या मते खालच्या उत्तरासकट ठेवावा.

चढाव_बहाद्दर :

मी पेसर म्हणून (ठरलेल्या वेगानं इतरांना बरोबर नेणारा) पळतो बऱ्याच ठिकाणी. आपल्याबरोबर असं कुणी असेल तर आम्ही काय बघायचं? उगाच दर पाच मिनिटाला "बरं वाटतंय का" विचारलं तर माणूस वैतागतो.

सदरबझार_एक्सप्रेस :

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला माझ्याकडून चहा.

"बरं वाटतंय का" विचारूच नका. लो असताना मी हमखास "हो बरंय" म्हणते, खरंतर तेव्हा डोक्याला साखर कमी पडत असते त्यामुळे ते उत्तर काही कामाचं नसतं. "शुगर किती, बाण कुठे" असं विचारा, आकडा मागा. आकडा सांगता येत नसेल किंवा चिडचिड करत असेन तर थांबवा आणि हातात ग्लुकोज द्या, वाद घालू नका. माझी लक्षणं : गप्प होते, पाय तिरके पडतात, घाम थंडगार येतो (पळताना घाम असतोच त्यामुळे हे लक्षण जवळपास निरुपयोगी), आणि सोप्या गोष्टीवर अडते, म्हणजे बुटाची नाडी बांधता येत नाही.

स्टेथो_खुंटीला :

आणि बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात पाणी, साखर, काही म्हणजे काही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ग्लुकागॉनचं (लिव्हरला साखर सोडायला लावणारं) इंजेक्शन मिळतं, ते घरच्यांना आणि एका तरी पळणाऱ्या मित्राला देता यायला हवं, फक्त सगळ्या मेडिकलमधे नसतं, आधी सांगून मागवावं लागतं. तेही दमेपर्यंत पळून लिव्हरचा साठा संपला असेल तर कमी काम करतं, म्हणून १०८ आधी.

पंपाक्का :

मी इन्सुलिन पंपवर आहे, म्हणजे कातडीखाली सतत थोडं थोडं इन्सुलिन सोडणारं यंत्र (पुण्यात असते, माहेर सांगली). पंपवाल्यांसाठी एकच, पळायला लागताना बेसल कमी करून उपयोग नाही, आत गेलेलं इन्सुलिन कामाला असतंच. तास-दीड तास आधी ५० ते ८० टक्के कमी करायचं. पंप काढून ठेवून पळत असाल तर फार वेळ तसं राहू नका, पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतंच त्यामुळे कीटोन पटकन होतात.

कृष्णाकाठ :

सेन्सरबद्दल राहिलं. तो रक्तातली शुगर दाखवत नाही, कातडीखालच्या पाण्यातली दाखवतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मागे असतो आणि पळताना शुगर वेगानं बदलत असेल तर फरक अजून वाढतो. उतरताना सेन्सर ९५ दाखवेल तेव्हा बोटातून ७२ पण असू शकते. त्यामुळे उतारावर मी १०० ला ७० समजतो. ग्लुकोज घेतल्यावर पण तेच, सेन्सर अजून खालीच दाखवतो म्हणून माणूस घाबरून अजून खातो आणि मग तासाभरानं ३००. अशा वेळी बोट टोचा.

बोट टोचताना बोट पुसा!! संत्र्याची फोड किंवा केळं हातात धरलेलं असतं, बोटाला साखर चिकटलेली असते, मीटरवर २४० येते आणि खरी असते ८०. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा.

घाटाची_धूळ :

हे बोटाचं कधी डोक्यात आलं नसतं. भाच्याला परत लिंक पाठवली.

कराडची_आई :

रात्रीच्या तीनबद्दल कुणी बोललं नाही अजून. आमच्याकडे तेच मोठं दुखणं आहे. मॅच दुपारी आणि शुगर रात्री दोन-तीनला पडते. आमच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं की पळून स्नायूतली साठवलेली साखर संपते, मग नंतर कित्येक तास स्नायू रक्तातून ओढून साठा भरत बसतात, आणि इन्सुलिन पण जास्त लागू पडतं, कधीकधी २४ तासापर्यंत. रात्री झोपेत कळत नाही.

आम्ही काय करतो, मॅचच्या रात्रीच्या जेवणाचं इन्सुलिन कमी, झोपताना दूध-भाकरी, आणि रात्री एक अलार्म. सुरुवातीला मी तीनला उठून त्याच्या बोटाला टोचायचे, तो झोपेतच बोट पुढे करायचा. आता सेन्सरचा अलार्म माझ्या फोनवर पण येतो. एक मात्र, सेन्सर लावलेल्या हातावर झोपलं की दाबामुळे तो खोटा लो दाखवतो, त्यामुळे आधी कुशीवरून हलवायचं आणि मग घाबरायचं.

स्टेथो_खुंटीला :

कराडच्या ताईंनी सांगितलं ते अचूक. त्यात एक : लँटस असेल तर लांब पळण्याच्या दिवशी रात्रीचा डोस साधारण २० टक्के कमी करायला सांगतात. ट्रेसिबावर (त्याहून लांब पल्ल्याचं इन्सुलिन) असाल तर एका रात्री कमी करून त्या रात्री काही घडत नाही, त्याचा असर ४२ तासांच्या वर पसरलेला असतो, तिथे खाण्यानं आणि जेवणाच्या इन्सुलिननंच सांभाळावं लागतं. आणि त्या रात्री दारू नको. लिव्हर दारू निस्तरत बसलं की साखर सोडत नाही. मॅरेथॉननंतरच्या पार्ट्या मला माहीत आहेत.

कृष्णाकाठ :

डॉक्टरसाहेब एकदम वर्मावर बोट 😄

सासूबाईंसाठी मसाला : वसीम अक्रमला १९९७ मधे टाइप वन निघाला आणि तो २००३ पर्यंत बोलिंग टाकत होता. अमेरिकेचा गॅरी हॉल ज्युनियर, पोहणारा, त्याला १९९९ मधे निघाला आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला ५० मीटर फ्रीस्टाइलमधे सुवर्ण. सायकलिंगमधे तर टीम नोव्हो नॉर्डिस्क म्हणून आख्खी प्रोफेशनल टीमच टाइप वनवाल्यांची आहे.

सदरबझार_एक्सप्रेस :

अक्रमचं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या तो पाकिस्तानचा. मग मी माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचं काढलं, रिओला स्टीपलचेसच्या फायनलमधे पळाली म्हणून. तिला शुगर होती का? नाही. मग काय उपयोग. असं चाललंय आमचं 🙏

किल्लेदार :

सासूबाईंना एकदा सेन्सर वाचायला शिकवा. आमच्या हिला आकडा कळायला लागल्यापासून तिची भीती निम्मी झाली आणि माझ्यावरचा पहारा दुप्पट.

सदरबझार_एक्सप्रेस :

अपडेट. डॉक्टरांकडे जाऊन आले, हा धागा त्यांना फोनवर दाखवला, त्यांनी सगळा वाचला (बाहेर पेशंट खोळंबले होते). ठरलं ते माझ्यापुरतं असं, कुणी जसंच्या तसं उचलू नका :

सकाळचं ३ युनिट बंद. उठून नुसतं पाणी, १२६ च्या खाली असेल तर अर्धं केळं. कमरेच्या पट्ट्यात ग्लुकॉन-डीच्या पुड्या प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत, एकेका पुडीत १० ग्रॅम घरी काट्यावर मोजून. माथ्यावर वर गेली तर हात लावायचा नाही. उतरायच्या आधी, माथ्यावरच, आकडा कितीही चांगला दिसला तरी एक पुडी. आणि रविवारच्या रात्री लँटस कमी.

काल पहिल्यांदा या पद्धतीनं घाट केला. निघताना १३८, बोगद्याला १४१, माथ्यावर १९६, घाटाच्या मधे उतरताना १५२, खाली १२४ आणि बाण आडवा. घरी येऊन पोहे खाल्ले त्याला नेहमीपेक्षा थोडं कमी इन्सुलिन. रात्री सगळ्यात खाली ८८.

एक कळलं नाही पण, खाली आल्यावर अर्ध्या तासात काही न खाता १७० झाली ती कशी?

कृष्णाकाठ :

भारीच की ओ!! ती नंतरची वाढ बऱ्याच जणांना होते. पाय थांबतात पण लिव्हर लगेच थांबत नाही, शिवाय तुमच्या अंगात तेव्हा जेवणाचं इन्सुलिन काहीच नाही. १७० ला काही करू नका. शर्यतीनंतर २५०-३०० गेली आणि उतरेना तर डॉक्टर बहुतेक नेहमीच्या करेक्शनच्या (वाढलेली शुगर उतरवायला घेतात ते इन्सुलिन) निम्मंच सांगतील, पूर्ण घेतलं की दुपारी आपटते. थोडं निवांत चालून पण उतरते.

आणि उलटं पण लक्षात ठेवा. शेवटी पडायला लागली आणि पुडी संपलेली असेल तर दहा सेकंद जीव खाऊन पळा. त्या अ‍ॅड्रेनलिननं पडणं थोडा वेळ थोपतं, यावर अभ्यास झालेले आहेत. ७० च्या खाली गेल्यावर नाही हा, तेव्हा थांबायचं आणि कुणाकडून तरी साखर मागायची.

स्टेथो_खुंटीला :

शर्यतीच्या सकाळचं आत्ताच सांगून ठेवतो. स्टार्ट लाइनला धाकधुकीनं २२०-२३० दिसेल. जेवणाचं इन्सुलिन राहिलेलं नाही, कीटोन नाहीत, तर ते धाकधुकीचंच समजा आणि करेक्शन न घेता निघा. त्या दिवशीचा सराव आधीच्या रविवारी तंतोतंत तसाच करा, उठायची वेळ, खाणं, सगळं.

चढाव_बहाद्दर :

पावसाचं काय? ऑगस्ट-सप्टेंबरला वर धुकं आणि पाऊस हमखास. मीटर भिजला तर?

सदरबझार_एक्सप्रेस :

मीटर आणि पट्ट्या झिपवाल्या पिशवीत, ती परत फोनच्या वॉटरप्रूफ पाऊचमधे. पट्टीच्या डबीचं झाकण पावसात उघडायचं नाही, दमट झाल्या की आकडे चुकतात, दोन-तीनच पट्ट्या वेगळ्या काढून नेते. सेन्सरवर वरून चिकटपट्टी लावते, खेळाडू गुडघ्याला लावतात ना ती ताणणारी, कडा गोल कापून, नाहीतर टोकं सुटतात. एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो आणि महाग पडतो, घामानं निघून आला की जीव जातो.

पंपाक्का :

पट्टी लावायच्या आधी कातडी स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्या, आणि आदल्या रात्री लावा, सकाळी निघताना नको. नवीन सेन्सर पण शर्यतीच्या दिवशी लावू नका, पहिल्या दिवशी आकडे जरा इकडेतिकडे असतात, दोन दिवस आधी बदला.

किल्लेदार :

अजून एक, प्रवासात किंवा गावाकडे पेन संपला आणि मेडिकलमधून बाटली घ्यायची वेळ आली तर बघून घ्या. बाटलीतलं बहुतेक ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० चं. ४० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी. अदलाबदल झाली तर अडीचपट फरक पडतो. पळण्याशी संबंध नाही म्हणा, पण बाहेरगावी मॅरेथॉनला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पेढेवाला :

ताई, त्या दिवशी राजवाड्यापाशी उभा असेन, छत्री घेऊन. ओळखायचं कसं?

सदरबझार_एक्सप्रेस :

दंडावर निळी गोल पट्टी. पण येताना गाठा, जाताना बोलणार नाही मी कुणाशी. आणि "बरं वाटतंय का" विचारायचं नाही!

चढाव_बहाद्दर :

मी घाटापासून यांच्याबरोबर आहे, दोन पुड्या माझ्या पट्ट्यात पण ठेवतोय. नवऱ्याला सांगा गाडी त्या दिवशी वर नेता येणार नाही, रस्ता बंद असतो.

सदरबझार_एक्सप्रेस :

सांगितलं. आता तो म्हणतोय मग मी पण पळतो. पोट बघितलं तर कळेल तुम्हाला मी काय म्हणतेय ते. नवशिक्यांसाठी वेगळा धागा आहे का कुठला?

घाटाची_धूळ :

आहे, "शून्यातून पाच किलोमीटर" म्हणून, शोधा, वर काढते.